राज्यशास्त्र शिकून काय करणार?

 

बचत गटांच्या कामासाठी आम्ही गावोगाव फिरतो. बैठक संपते, हप्ते जमा होतात, वह्या मिटतात, आणि चहा आला की मनातल्या गोष्टी निघतात. हल्ली एक विषय बऱ्याच गटांत निघतो. मुलगी बी.ए. झाली, पुढं काय? मुलीला एम.ए. करायचं असतं. त्यातही तिनं राज्यशास्त्र हा विषय सांगितला की घरात शांतता पसरते. मग कुणीतरी विचारतंच, "राज्यशास्त्र शिकून काय करणार? पुढारी व्हायचंय का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एम.ए. म्हणजे आणखी दोन वर्षं. फी आहे, एसटीचा पास आहे, पुस्तकं आहेत. घरातलं दोन हातांचं काम दोन वर्षं कमी होतं. एवढा खर्च करायचा तर आईबापांनी विचारणं रास्तच आहे. म्हणून आज आम्ही या प्रश्नाचं उत्तर शोधायला जरा मागं जाणार आहोत. शंभर वर्षांहून जास्त मागं. एका विद्यार्थ्याच्या एम.ए.ची गोष्ट सांगणार आहोत. त्याचं नाव तुम्ही जाणता, फोटो तुमच्या ग्रामपंचायतीत लावलेला आहे. पण तो वर्गात बसून नेमकं काय शिकला आणि त्या शिक्षणाचा आपल्या बायकांच्या जगण्याशी काय संबंध आला, हे आपल्यात फारसं बोललं जात नाही.

विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. साल १९१३. वय बावीस. बी.ए. झालेलं. वडील रामजी सुभेदार त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले. मुंबईत परळच्या चाळीत बिऱ्हाड, घरात पत्नी रमाबाई आणि काही महिन्यांचा यशवंत. अशा वेळी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेला जाऊन शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. अट अशी की शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. जूनमध्ये करारावर सही झाली आणि जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले.

हे सयाजीराव महाराज म्हणजे ज्यांनी १९०६ साली आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि त्यात मुलींनाही धरलं. त्याआधी बी.ए. करतानाही त्यांनीच भीमरावांना महिन्याला पंचवीस रुपये दिले होते. शिक्षणाला पैसा लागतो आणि तो कुणीतरी वेळेवर द्यावा लागतो, एवढं इथं लक्षात ठेवू. पुढं पुन्हा त्याच्याकडं यायचं आहे.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठ आहे. तिथं भीमरावांनी नाव घातलं ते राज्यशास्त्र विद्याशाखेत. ही शाखा १८८० साली जॉन बर्जेस या प्राध्यापकांच्या पुढाकारानं सुरू झाली होती. पदवीच्या पुढचं शिक्षण देणाऱ्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या अशा शाखांपैकी ती एक. पण तिथं राज्यशास्त्र म्हणजे फक्त राजे, निवडणुका आणि पक्ष असं नव्हतं. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र हे सगळं त्याच एका छपराखाली शिकवलं जायचं. कारण साधं आहे. राज्य कसं चालतं हे समजून घ्यायचं तर त्याचा पैसा कुठून येतो, समाज कसा बांधलेला आहे आणि हे सगळं असं कधीपासून झालं, हेही कळायला पाहिजे.

भीमरावांनी तीन वर्षांत घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहिली तर डोळे विस्फारतात. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राजकारणाचे ३, आणि वर फ्रेंच व जर्मन भाषेचा एकेक. म्हणजे मुख्य विषय अर्थशास्त्र, नावात 'राजकारण' असलेले वर्ग फक्त तीन, आणि तरी हे सगळं मिळून राज्यशास्त्र शाखेचं शिक्षण. शिकवायला माणसंही तशीच होती. सरकारी जमाखर्चाचे जाणकार एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्युई, इतिहासाचे जेम्स रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल. या शिक्षकांबद्दल आणि तिथल्या वर्गमित्रांबद्दल बाबासाहेबांनी पुढं आयुष्यभर जिव्हाळ्यानं लिहिलं.

आता त्या वर्गात झालेल्या दोन कामांबद्दल सांगतो. दोन्ही गोष्टी आपल्या गटात बसून समजण्यासारख्या आहेत.

पहिलं काम १९१५ सालच्या मे महिन्यातलं. एम.ए. पदवीसाठी त्यांनी एक प्रबंध लिहिला, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि जमाखर्च या विषयावर. इंग्रजांचं राज्य चांगलं की वाईट, यावर भाषणं तर सगळेच ठोकत होते. या विद्यार्थ्यानं वही उघडली. जमिनीचा सारा किती, मिठावरचा कर किती, अफूचं उत्पन्न किती. आलेला पैसा कुठं गेला, किती लढायांवर गेला, किती रस्त्यांवर आणि कालव्यांवर लागला.

मैत्रिणींनो, गटाची वही तपासताना आपण हेच करतो ना? जमा किती, नावे किती, कर्ज कुणी उचललं आणि फेडतंय कोण. आता त्या काळाचा हिशोब ऐका. १८३३ च्या कायद्यानं कंपनीचा व्यापार बंद झाला. तरी विलायतेतल्या तिच्या भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश मिळत राहिला, आणि तो दिला जायचा हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्यातून. १८५७ चा उठाव मोडायला जो खर्च आला तोही हिंदुस्थानच्याच खात्यावर टाकला. १८५८ साली कंपनीचं राज्य गेलं, पण कंपनीनं करून ठेवलेलं कर्ज इथल्या रयतेच्या माथी राहिलं. तो साडेदहा टक्क्यांचा लाभांश तर १८७४ पर्यंत चालू होता. गटातल्या एखादीनं कर्ज काढावं, सोडून जावं, आणि हप्ते उरलेल्या नऊ जणींनी भरावेत, तसा हा प्रकार. भीमरावांनी आपल्या प्रबंधात शेवटी हेच मांडलं की हिंदुस्थानानं इंग्लंडला दिलं ते डोंगराएवढं, आणि इंग्लंडनं हिंदुस्थानाला दिलं ते जवळपास काहीच नाही.

चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं रागानं नुसती शिवी दिली असती तर कुणी ऐकलं नसतं. त्यानं आकडे मांडले. राज्यशास्त्र शिकून पहिली गोष्ट हाती येते ती ही. सत्ता कुणाची आहे हे पाहायचं असेल तर पैसा कुणाकडून घेतला जातो आणि कुणावर खर्च होतो ते पाहायचं.

दुसरं काम ९ मे १९१६ चं. आणि हे तर थेट आपल्याबद्दलचं आहे. अलेक्झांडर गोल्डनवायझर नावाचे मानववंशशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या चर्चावर्गात भीमरावांनी एक निबंध वाचला. विषय होता भारतातल्या जाती, त्या कशा चालतात, कशा निर्माण झाल्या आणि कशा पसरल्या. पुढच्या वर्षी तो निबंध छापूनही आला.

त्या काळात जातीबद्दल मोठमोठे विद्वान लिहीत होते. कुणी म्हणायचं जात रंगावरून आली, कुणी म्हणायचं धंद्यावरून आली. या विद्यार्थ्यानं विचारलं, जात टिकते कशावर? आणि उत्तर दिलं, लग्नावर. लग्न जातीच्या आतच करायचं, बाहेर करायचं नाही, या एका नियमावर सगळा डोलारा उभा आहे. हा नियम गेला तर जात राहत नाही.

मग त्यांनी पुढचा हिशोब मांडला. जातीच्या आतच लग्नं करायची तर जातीत लग्नाचे पुरुष आणि लग्नाच्या बायका सारख्या संख्येनं पाहिजेत. पण माणसं काही जोडीनं मरत नाहीत. नवरा आधी गेला की बाई मागं राहते. जातीच्या हिशोबानं ती 'जास्तीची' ठरते. तिनं जातीबाहेर लग्न केलं तर नियम मोडतो. जातीतच दुसरं केलं तर एखाद्या कुमारिकेचा नवरा कमी होतो. मग तिचं करायचं काय? एक उपाय, नवऱ्याबरोबर तिला जाळायचं. म्हणजे सती. दुसरा उपाय, तिला जिवंत ठेवायचं पण सक्तीनं विधवा ठेवायचं. तिचं रूप, तिची हौस, तिचा मान सगळं काढून घ्यायचं, म्हणजे धोका उरत नाही.

आणि बायको आधी गेली तर? मागं राहिलेला पुरुषही जास्तीचाच. पण तो पुरुष. त्याला जाळायचं कुणाच्या मनातही येत नाही. जन्मभर ब्रह्मचारी राहा म्हणावं तर ते होण्यासारखं नाही. मग त्याच्यासाठी बायको आणायची कुठून? अजून लग्नाच्या वयाची न झालेल्या पोरींतून. म्हणजे बालविवाह.

सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह. आपल्याला वाटत आलं की या तीन वेगवेगळ्या वाईट चाली आहेत, कुठून कुठून आल्या आणि बायकांच्या नशिबाला चिकटल्या. या विद्यार्थ्यानं दाखवलं की तिन्हींचं मूळ एक आहे. जातीची भिंत उभी ठेवायची म्हणून बाईच्या देहावर ही तीन कुलुपं लावली. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. या चालींचे गोडवे नंतर गायले गेले. आधी चाल पडली, मग तिला धर्माचा, त्यागाचा, पतिव्रतेचा मुलामा दिला.

हे ऐकून एका गटातली आजी आम्हाला म्हणाली, "म्हंजी आमचं नशीब न्हवतं म्हणा, कुनाची तरी सोय हुती." त्या निबंधाचं सार याहून थोडक्यात आम्हाला सांगता येणार नाही.

आता गाव बदलत नाही असं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. शंभर वर्षं जी गोष्ट घरातली, नशिबातली म्हणून सोसली, ती ठरावाच्या वहीत आली. घरातला नियम हा गावाचा विषय आहे आणि गाव तो बदलू शकतं, हे ज्याला कळलं त्याला राज्यशास्त्र कळलं.

पुन्हा न्यूयॉर्कला जाऊ. ज्या शहरात भीमराव राजकारणाचे धडे घेत होते, त्या शहरातल्या बायकांना तेव्हा मत नव्हतं. हो, अमेरिकेत. २३ ऑक्टोबर १९१५ ला मताच्या मागणीसाठी हजारो बायकांनी न्यूयॉर्कच्या मोठ्या रस्त्यावरून मिरवणूक काढली. दहा दिवसांनी, २ नोव्हेंबरला, त्या राज्यातल्या पुरुषांनी मतदान केलं आणि बायकांना मत द्यायचं नाही असा निकाल दिला. बायका घरी बसल्या नाहीत. दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, पुन्हा मतदान झालं आणि त्या जिंकल्या. सगळ्या अमेरिकेत बायकांना मत मिळायला १९२० उजाडलं.

आपल्याकडं काय होतं? मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये बायकांना मत मिळालं, पण फक्त मालमत्ता आणि कर भरण्याची अट पुरी करणाऱ्यांना. म्हणजे शेतात राबणारी, गिरणीत जाणारी, डोक्यावर पाटी घेणारी बाई त्यात नव्हतीच. बाबासाहेब १९१९ साली मताधिकाराच्या समितीपुढं साक्षीला उभे राहिले. पुढं सायमन कमिशन आलं तेव्हा, १९२८-२९ मध्ये, त्यांनी मागणी केली की मत प्रत्येक प्रौढ माणसाला द्या, पुरुषाला आणि बाईला. शिक्षणाची अट नको, मालमत्तेची नको. लोक म्हणायचे, अडाण्याला मतातलं काय कळतं? बाबासाहेबांचं म्हणणं असं की ज्याला कायदा भोगावा लागतो त्याचा तो कायदा करण्यात हात पाहिजे.

१९२८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात एक विधेयक आलं. कारखान्यात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा द्यावी का? बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि सांगितलं की आईला विश्रांती मिळणं यात सगळ्या देशाचं हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायला पाहिजे. बघा, पुन्हा तोच वहीचा प्रश्न. खर्च कुणी उचलायचा? कोलंबियाच्या वर्गात शिकलेला जमाखर्च इथं बाळंतिणीच्या खाटेपर्यंत आला.

१९५० ला राज्यघटना लागू झाली. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत, बाई असो की पुरुष. पुढं ते वय अठरा झालं. पण कागदावर मिळालेलं हातात येतंच असं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीची मतदार यादी करायला माणसं घरोघर गेली. काही भागांत बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. परक्या पुरुषापुढं नाव कसं घ्यायचं? निवडणूक आयोगानं ठरवलं की नाव नाही तर यादीत जागा नाही. देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. पासबुकावर स्वतःचं नाव असायला पाहिजे, सही स्वतःची पाहिजे, असं आम्ही प्रत्येक बैठकीत का सांगतो, ते यावरून ध्यानात येईल.

एवढं सगळं सांगितलं म्हणून कुणी असं समजू नका की एम.ए. झालं की सगळी दारं उघडतात. कोलंबियाचं शिक्षण घेतलेला हा माणूस १९१७ साली करार पाळायला बडोद्याला आला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाई कागद हातात न देता दुरून टाकायचे. जात आडवी आली, पदवीनं ती बाजूला सारली नाही. पीएच.डी.चंही तसंच. प्रबंध लिहिला १९१६ मध्ये, पण तो छापून विद्यापीठाला देण्याचा नियम होता. छापायला वर्षं गेली आणि पदवी हाती पडली १९२७ मध्ये. पदवीनं काय दिलं मग? अन्याय सोसताना तो कसा चालतो हे समजण्याची नजर दिली, आणि तो बदलायला कागदावर काय लिहावं लागेल ते शिकवलं. १९५२ साली त्याच कोलंबिया विद्यापीठानं त्यांना बोलावून मानाची डॉक्टरेट दिली, ती राज्यघटनेच्या कामासाठी.

आता ती गोष्ट, जिच्याकडं परत यायचं म्हटलं होतं. शिक्षणाचा खर्च. कोलंबियाची फी बडोद्याच्या खजिन्यातून आली. पण परळच्या चाळीतलं घर कुणी चालवलं? रमाबाईंनी. नवरा सातासमुद्रापलीकडं, हातात लहान मूल, उत्पन्न तुटपुंजं. भीमराव शिष्यवृत्तीतून पोटाला चिमटा घेऊन घरी पैसे पाठवायचे, पण ते पुरायचे कुठं? रमाबाईंनी मुलंही गमावली. १९३५ च्या मे महिन्यात त्या गेल्या. नंतर बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचं आपलं पुस्तक त्यांना अर्पण केलं.

त्या एम.ए.च्या जमाखर्चात रमाबाईंच्या कष्टाचं खातं कुठंच मांडलेलं नाही. ते आपण मांडायला पाहिजे. पुरुष शिकायला गेला तर घर बाई सांभाळते, हे सगळ्यांना साहजिक वाटतं. मग बाई शिकायला बसली तर घर कोण सांभाळणार? हा प्रश्न आमच्या गटातल्या सुना रोज विचारतात. परीक्षेच्या दिवशी पाहुणे येतात. अभ्यासाला बसलं की दळण आठवतं. न्यूयॉर्कहून भीमरावांनी वडिलांच्या एका मित्राला पत्र लिहिलं होतं, त्यात म्हटलं होतं की मुलग्यांच्या शिक्षणाबरोबर मुलींचंही शिक्षण चाललं तर आपली प्रगती किती तरी वेगानं होईल. बाबासाहेब हे म्हणाले त्याला शंभर वर्षं होऊन गेली, पण सुनेच्या परीक्षेला सासूनं चूल सांभाळावी एवढी साधी गोष्ट अजून घरोघरी झालेली नाही.

आता आजचं बोलू. राज्यशास्त्राचं एम.ए. दोन वर्षांचं असतं. त्यात राजकीय विचारवंत असतात, राज्यघटना आणि सरकारचा कारभार असतो, लोकप्रशासन असतं, दुसऱ्या देशांशी संबंध असतात, बहुतेक ठिकाणी महाराष्ट्राच्या राजकारणाचाही अभ्यास असतो. अनेक विद्यापीठांत मराठीतून उत्तरं लिहिता येतात. रोज कॉलेजला जाणं जमत नसेल तर दूरशिक्षणानं करता येतं. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला हे एम.ए. करता येतं, बी.ए.ला दुसरा विषय असला तरी.

नोकरीचं म्हणाल तर खरं ते सांगतो. नुसत्या एम.ए.वर नोकरी दारात येत नाही. अकरावी-बारावीला शिकवायचं तर सोबत बी.एड. लागतं. वरच्या कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा सेट परीक्षा पास व्हावी लागते. स्पर्धा परीक्षांना या अभ्यासाचा चांगला उपयोग होतो, पण तिथं जागा थोड्या आणि मुलं फार. हे सगळं आधी माहीत असलेलं बरं. म्हणजे मुलीवर नंतर "एवढं शिकून काय उपयोग झाला" असं ऐकायची पाळी येत नाही.

पण नोकरीच्या आधीच या विषयाचं काम सुरू होतं. १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत बायकांसाठी एक तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. खुर्ची आली, पण किती गावांत त्या खुर्चीवर सरपंचबाईंचा नवरा बसतो हे तुम्हीच सांगा. बाई सही करते, कागद नवरा वाचतो. इथं गावात एखादी राज्यशास्त्र शिकलेली लेक किंवा सून असेल तर किती फरक पडेल? ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प कसा वाचायचा, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे ती का पाळली जात नाही, ठराव कसा लिहायचा म्हणजे तो फिरवता येणार नाही, हे ती सांगू शकेल. पण त्यासाठी आपण तिला विचारलं पाहिजे. घरात शिकलेली सून असून तिचं शिक्षण लग्नाच्या बायोडाट्यापुरतंच राहिलं, असं किती घरांत आहे.

राजकारण आणि राज्यशास्त्र यातला फरकही ध्यानात घेऊ. राजकारण आपल्याला नको असलं तरी ते आपल्या घरात येतं. रेशनच्या धान्यात येतं, नळाच्या पाण्यात येतं, शाळा बंद झाली की पोरीच्या दप्तरात येतं. राज्यशास्त्र म्हणजे ते कुठून आणि कसं येतं ते ओळखायचं शिक्षण. पुढारी व्हायचं की नाही हे मुलगी नंतर ठरवेल. पुढाऱ्याला प्रश्न विचारता यावेत एवढं तर तिला यायलाच पाहिजे.

या महिन्याच्या बैठकीत गटांनी तीन कामं करावीत अशी आमची विनंती आहे. पहिलं, आपल्या गटातल्या घरांत बी.ए. होऊन थांबलेल्या मुली आणि सुना किती आहेत त्यांची नावं वहीत लिहा. दुसरं, अंतर्गत कर्ज देताना लग्न, आजारपण आणि शेळीबरोबर शिक्षण हेही कारण धरा, आणि परतफेडीचा हप्ता पहिल्या वर्षी हलका ठेवा. सयाजीरावांचा खजिना आपल्याकडं नाही, पण दहा जणींची पेटी आहे. तिसरं, जी शिकते आहे तिच्या परीक्षेच्या आठवड्यात तिच्या घरचं पाणी, दळण आणि मूल कोण बघणार हे बैठकीतच ठरवा, आणि इतिवृत्तात लिहून त्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्या.

तुमच्या गटात अशी कुणी असेल तर केंद्रावर कळवा. पुढच्या वेळी तिलाच बोलवू, म्हणजे ती काय शिकते आहे हे तिच्याच तोंडून ऐकता येईल. नमस्कार.